मिसिसिपीतील प्रिसिंक्ट सभा आणि दोन जागांचा प्रश्न

दलित पँथरची स्थापना १९७२ साली मुंबईत झाली आणि तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, हे आपल्या चळवळीतला कोणताही कार्यकर्ता सांगेल. परंतु ब्लॅक पँथरने आपला पँथर कोठून आणला, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. ओकलंड शहरात १९६६ साली तो पक्ष निघाला, तेव्हा पँथरचे चित्र आले ते अलाबामा राज्यातील लाउंड्स नावाच्या एका खेडवळ काउंटीतून. तेथे ते निवडणूक चिन्ह होते, मतपत्रिकेवर छापायचे. हातात बंदूक घेतलेल्या काळ्या तरुणांची छायाचित्रे आपल्या पोस्टरांवर आली. मतपत्रिकेवरचा पँथर मात्र आपल्यापर्यंत पोचलाच नाही. आणि लाउंड्सच्या आधी मिसिसिपी होती. शेतमजूर, वाटेकरी, न्हावी, स्वयंपाकीण अशा माणसांनी एका प्रस्थापित पक्षाच्या अगदी खालच्या पायरीवर हात घातला, ती ही हकिगत आहे.

मिसिसिपीत तेव्हा राजकारण म्हणजे एकच पक्ष, डेमोक्रॅटिक. त्याची उमेदवारी मिळाली की निवडणूक जिंकल्यातच जमा. राज्याची लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून अधिक काळी. पण १९६४ साली मतदार यादीत नाव असलेले काळे प्रौढ शंभरात सातदेखील नव्हते. ही किमया १८९० च्या राज्यघटनेची. मतदान कर तर होताच. त्याशिवाय नाव नोंदवायला आलेल्याने राज्यघटनेतील एखादे कलम वाचून त्याचा अर्थ सांगायचा. कलम कोणते, हे नोंदणी अधिकारी ठरवणार. अर्थ बरोबर की चूक, हेही तोच ठरवणार. घटनेत ‘काळा’ हा शब्द वापरण्याची गरजच पडली नाही. १९६२ साली आणखी एक कायदा झाला, अर्जदारांची नावे स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापण्याचा. वरवर पाहता किती पारदर्शक! मळेवाल्याने सकाळी पेपर उघडावा आणि आपल्या जमिनीवरचा कोण वाटेकरी माजला ते वाचावे, एवढाच त्याचा हेतू.

उरलेले काम सिटिझन्स कौन्सिल करीत असे. ही संस्था १९५४ साली सनफ्लॉवर काउंटीतील इंडियानोला गावी निघाली. तिच्यात बुरखेवाले नव्हते. बँकवाले, व्यापारी, वकील होते. कर्ज थांबवायचे, उधारी तोडायची, कामावरून काढायचे, घर रिकामे करायला लावायचे. गावाने वाळीत टाकल्यावर दळण बंद होते, किराणा बंद होतो, मजुरी बंद होते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या हत्याराची ओळख करून देण्याचे कारण नाही.

याच इंडियानोलाच्या कोर्टात ३१ ऑगस्ट १९६२ रोजी रूलव्हिल गावाहून अठरा माणसे बसने नाव नोंदवायला गेली. त्यांत फॅनी लू हेमर होत्या. वीस भावंडांतले शेंडेफळ, लहानपणापासून कापूस वेचलेल्या. परतीच्या वाटेवर बस अडवली गेली. गुन्हा काय, तर बसचा रंग फार पिवळा आहे! त्याच संध्याकाळी मळ्याच्या मालकाने हेमरबाईंना अर्ज मागे घ्यायला सांगितले. त्यांनी नकार दिला आणि अठरा वर्षे जेथे राबल्या तो मळा त्याच रात्री सोडला. पुढच्या जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना जे मारले गेले, त्याची दुखणी त्यांच्या शरीरात अखेरपर्यंत राहिली.

स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटीचे बॉब मोझेस आणि त्यांचे सोबती हे सारे पाहत होते. नोंदणीच्या खिडकीवर डोके आपटून खिडकी उघडत नाही. मग १९६३ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपली स्वतःची मतपेटी मांडली. चर्चमध्ये, दुकानात, केशकर्तनालयात ऐंशी हजारांच्या आसपास लोकांनी मते टाकली. कायद्याच्या दृष्टीने या मतांना किंमत शून्य. पण काळ्यांना राजकारणात रसच नाही, हे गोऱ्यांचे आवडते वाक्य त्या दिवसापासून उच्चारणे अवघड झाले. २६ एप्रिल १९६४ रोजी जॅक्सन शहरी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीची स्थापना झाली.

नाव नीट पाहावे. ‘डेमोक्रॅटिक’ हा शब्द त्यांनी टाकून दिला नाही. आम्ही वेगळा पक्ष काढत नसून तुमचाच पक्ष तुमच्या नियमांप्रमाणे चालवून दाखवतो, असा हा दावा होता. त्या पक्षाची बांधणी अशी : सर्वांत खाली प्रिसिंक्ट, म्हणजे एका मतदान केंद्राचा परिसर. प्रिसिंक्टच्या सभेतून काउंटीच्या अधिवेशनाला प्रतिनिधी जातात, तेथून राज्याच्या, आणि राज्यातून राष्ट्रीय अधिवेशनाला, जेथे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरतो. वॉशिंग्टनचा रस्ता असा गावातल्या एका खोलीतून सुरू होतो. नियमाप्रमाणे ही सभा नोंदलेल्या प्रत्येक मतदारासाठी खुली. नियम कोणी वाचत नाही म्हणूनच तो खुला ठेवलेला असतो. यांनी तो वाचला.

१६ जून १९६४ हा प्रिसिंक्ट सभांचा दिवस होता. राज्यात ठिकठिकाणी नोंदणी झालेले मूठभर काळे मतदार ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर झाले. कोठे दाराला कुलूप. कोठे सभाच नाही. कोठे आत घेतले, पण ठराव मांडू दिला नाही. रूलव्हिलला हेमरबाई आणि त्यांच्या सोबत्यांना दार बंद दिसले, तेव्हा त्यांनी तेथेच बाहेरच्या हिरवळीवर सभा भरवली, अध्यक्ष निवडला, प्रतिनिधी निवडले, राष्ट्रीय पक्षाशी निष्ठेचा ठराव केला. आत कुलूपबंद असलेल्या पक्षापेक्षा बाहेर गवतावर बसलेला पक्ष नियमाला अधिक धरून होता.

मला या इतिहासातला हा दिवस अटलांटिक सिटीच्या गाजलेल्या दिवसांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. अन्याय झाला असे भाषणात म्हणणे निराळे. कोणत्या दिवशी, कोणत्या इमारतीच्या दाराशी, कोणी अडवले, हे शपथपत्रावर लिहून ठेवणे निराळे. अशी शपथपत्रे जमवूनच पुढे वकील जोसेफ राऊ यांनी पक्षाच्या अधिवेशनासमोर मांडायचे प्रकरण उभे केले. आपल्याकडे मोर्चे विराट निघतात. निवेदनाची पोच आणि सभेचे इतिवृत्त मागायला गेले तर कोणाच्या पिशवीत सापडेल याचा भरवसा नसतो.

त्या उन्हाळ्यात पक्षाने आपली स्वतंत्र नोंदणी सुरू केली. अर्ज साधा, घटनेचा अर्थ सांगायची अट नाही. एला बेकर या ज्येष्ठ कार्यकर्तीचा आग्रह असे की पुढारी गर्दीतून वर काढायचा नसतो, गर्दीतल्या प्रत्येकाला उभे राहता आले पाहिजे. प्रिसिंक्टच्या आणि काउंटीच्या सभांतून, ज्यांनी आयुष्यात कधी कोणत्या सभेचे अध्यक्षपद पाहिले नव्हते, ती माणसे ठराव मांडू लागली, अनुमोदन देऊ लागली, मते मोजू लागली. याची किंमत रक्ताने मोजावी लागली. २१ जूनला नेशोबा काउंटीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर हे तिघे नाहीसे झाले. ४ ऑगस्टला एका मातीच्या बांधाखाली त्यांची प्रेते मिळाली. दोनच दिवसांनी, ६ ऑगस्टला, जॅक्सनमध्ये सुमारे अडीच हजार लोकांचे राज्य अधिवेशन भरले आणि अडुसष्ट प्रतिनिधी निवडले गेले. चौसष्ट काळे, चार गोरे.

अटलांटिक सिटीत २२ ऑगस्टला हेमरबाईंनी साक्ष दिली. ती दूरचित्रवाणीवर जाऊ नये म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली. रात्रीच्या बातम्यांत साक्ष देशभर दिसलीच. मग तडजोड पुढे आली. गोऱ्यांचे प्रतिनिधी मंडळ निष्ठेची शपथ घेऊन बसेल. फ्रीडम पार्टीला दोन जागा, त्याही मिसिसिपीच्या नव्हेत, सर्वसाधारण. आणि १९६८ पासून भेदभाव करणाऱ्या मंडळाला प्रवेश नाही असे आश्वासन. त्या दोन जागांवर कोण बसणार? एरन हेन्री आणि एडविन किंग, एक औषध दुकानदार आणि एक गोरे धर्मोपदेशक. नावे तडजोड करणाऱ्यांनीच ठरवून टाकली होती.

दोघेही सच्चे लढवय्ये होते, त्यांच्याबद्दल प्रश्न नाही. प्रश्न असा, की अडुसष्टांना ज्या लोकांनी निवडले त्यांचा निवडण्याचा अधिकार कोठे गेला? येथे पुणे कराराची आठवण होणे अपरिहार्य आहे. तुलना फार ताणू नये. १९३२ साली बाबासाहेबांवर एका माणसाच्या प्राणांचे ओझे टाकले गेले होते, आणि त्या कराराने जागा १४८ झाल्या. पण चौघांचे पॅनेल अस्पृश्य मतदारांनी निवडायचे आणि त्यांतला कोण निवडून येणार हे संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे सवर्णांच्या बहुसंख्येने ठरवायचे, या रचनेतली मेख बाबासाहेबांनी पुढे वारंवार दाखवली. आमच्यातला कोण हे तुम्ही ठरवणार असाल, तर तो आमचा प्रतिनिधी कसा?

तडजोड स्वीकारा म्हणणाऱ्यांत बेयार्ड रस्टिन, रॉय विल्किन्स अशी मोठी नावे होती. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. नागरी हक्क कायद्यावर जॉन्सन यांची सही होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि समोर त्या कायद्याविरुद्ध मत दिलेला गोल्डवॉटर उभा होता. तरीही प्रतिनिधींनी चर्चमध्ये बैठक घेऊन, सर्वांचे ऐकून, तडजोड फेटाळली. बड्यांनी समजावले आणि वाटेकऱ्यांनी नाही म्हटले, हे बड्यांना फार लागले. गंमत म्हणजे शपथ घ्यायला नको म्हणून गोऱ्या मंडळातले बहुतेक सभासद स्वतःच उठून घरी गेले.

यानंतरची कथा आपल्याकडे सांगितली जात नाही. प्रत्येक ठिकाणी संघटना सारखी टिकली नाही. टिकली ती होम्स काउंटीत, आणि त्याचे कारण जमीन. तेथील माइलस्टन भागात १९३० नंतरच्या मंदीच्या काळात केंद्र सरकारने मळे विकत घेऊन काळ्या कुळांना दीर्घ मुदतीच्या कर्जाने जमिनी दिल्या होत्या. शंभराच्या आसपास कुटुंबे आपल्या मालकीच्या शेतावर उभी होती. एप्रिल १९६३ मध्ये लेक्सिंग्टनच्या कोर्टात नोंदणीसाठी जे चौदा जण गेले ते यांतलेच. महिनाभराने त्यांच्यापैकी हार्टमन टर्नबो यांच्या घरावर पेटते बॉम्ब पडले. टर्नबोंनी बंदुकीने उत्तर दिले. शेरीफने अटक कोणाला केली? टर्नबोंना, स्वतःचे घर स्वतः जाळल्याबद्दल! आपल्याकडे अत्याचाराची फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी दरोड्याची उलट फिर्याद येते. पोलिसी कल्पनाशक्तीला देशांच्या सीमा नसतात. परंतु टर्नबोंना शेतावरून हाकलून देणारा मालक कोणी नव्हता. ते राहिले, आणि संघटनाही राहिली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तेव्हा त्याला पोटापाण्याचा लढा म्हणून बाजूला सारणारे आपल्यात होतेच. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही त्याची ग्रामसभेतली मान किती वर होते, हे त्यांनी होम्समध्ये पाहायला हवे होते.

लाउंड्समध्ये वाट वेगळी निघाली. लोकसंख्येत पाचांत चार काळे, आणि १९६५ च्या आरंभी यादीत एकही नाव नाही. ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर नोंदणी सुरू झाली. अटलांटिक सिटीचा अनुभव पाठीशी असल्याने जॉन ह्युलेट, स्टोक्ली कारमायकेल आणि इतरांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे दार ठोठावलेच नाही. अलाबामात त्या पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते आणि वर्षानुवर्षे त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. यांनी स्वतंत्र काउंटी पक्ष काढला, चिन्ह काळा पँथर. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांचे सारे उमेदवार पडले. नाव नोंदवले म्हणून मळ्यांवरून हाकललेली कुटुंबे तंबूंत राहत होती. १९७० साली ह्युलेट त्याच काउंटीचे शेरीफ झाले.

मिसिसिपीत सत्ताधाऱ्यांनी दोन उपाय योजले. पहिला कायद्याचा. मत नाकारता येत नाही, मग ते पातळ करा : १९६६ साली विधिमंडळाने काउंटी मंडळाची निवडणूक विभागवार न घेता सबंध काउंटीतून घेण्याची सोय केली, काही काउंट्यांत निवडून येणारे शिक्षण अधीक्षकाचे पद नेमणुकीचे केले, अपक्ष उमेदवारीच्या अटी वाढवल्या. त्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९६९ साली निकालात निघाला आणि असे बदल केंद्राच्या संमतीविना लागू करता येणार नाहीत असे ठरले. दुसरा उपाय पैशाचा. हेड स्टार्ट या बालशिक्षण योजनेचे काम राज्यात एका संस्थेकडे होते. तिच्या केंद्रांत चळवळीतल्या बाया पगारावर लागल्या आणि मळेवाल्यांच्या हातातून सुटल्या. सिनेटर स्टेनिस यांनी तिच्यावर झोड उठवली. १९६६ साली निधी वळवून मवाळांची दुसरी संस्था उभी केली गेली. तिच्या संचालकांत एरन हेन्री होते. अटलांटिक सिटीत ज्यांना एक जागा देऊ केली होती तेच. आमिष दाखवून माणूस फोडणे सोपे. पण येथे भुकेल्या लेकरांच्या जेवणाचा प्रश्न होता, म्हणून दोन्ही बाजूंच्या माणसांना नुसते शहाणपण सांगून भागत नाही.

१९६८ साली शिकागोत गोरे मंडळ खरोखरच बाहेर राहिले आणि मिसिसिपीच्या जागांवर एक संमिश्र मंडळ बसले. त्यात फ्रीडम पार्टीची माणसे होती, पण सूत्रे मवाळांकडे होती. हेमरबाई सभागृहात आल्या तेव्हा लोक उभे राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी सनफ्लॉवर काउंटीत सहकारी शेती सुरू केली. १९७७ साली त्या वारल्या.

होम्स काउंटीने त्याआधीच, १९६७ च्या नोव्हेंबरात, फ्रीडम पार्टीच्या बळावर रॉबर्ट क्लार्क या शिक्षकाला राज्याच्या प्रतिनिधिगृहात पाठवले होते. विसाव्या शतकात तेथे बसलेला तो पहिला काळा सभासद. सभागृहातली मेजे दोघा-दोघांची होती. क्लार्क यांच्या शेजारी कोणी बसेना. दुसरे काळे सभासद निवडून येईपर्यंत आठ वर्षे ते त्या मेजावर एकटे बसून राज्याचे अंदाजपत्रक वाचत राहिले.