आंबेकाढणी आणि खांद्याचे दुखणे

देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनारपट्टीत मार्च ते मे या काळात हापूसची काढणी चालते. चीक लागून फळ डागाळू नये म्हणून प्रत्येक आंबा देठासह उतरवावा लागतो. त्यासाठी लांब काठीच्या टोकाला पाते व जाळी बसविलेला झेला वापरतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याने फळ वाचते. खांद्याचे मात्र तसे नाही.

हापूसचे फळ साधारण पाव किलोचे. पण ते काठीच्या दूरच्या टोकाशी असते आणि काठी कलली की त्याचा ताण अंतराच्या प्रमाणात वाढून खांद्यावर येतो. पानांआडचे फळ हेरेपर्यंत हात डोक्यावर तसेच धरून ठेवावे लागतात. वजनापेक्षा हे ताटकळणेच अधिक जाचक ठरते. छताला गिलावा करणारे गवंडी आणि रंगारी यांचीही हीच कथा आहे.

खांद्याचा खळगा उथळ असतो. दंडाच्या हाडाचा माथा त्यात धरून ठेवण्याचे काम चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा करतात. त्यांना 'रोटेटर कफ' म्हणतात. हात सतत वर राहिल्यास या कंडरा झिजतात, कालांतराने फाटतातही. अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये कंडरा वरच्या हाडाला घासत असल्याचे मांडले आणि ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन व फिनलंडमधील चाचण्यांत मात्र हाड न तासता केवळ दुर्बिणीने तपासणी केलेल्या रुग्णांच्या तुलनेत तिचा लक्षणीय लाभ दिसला नाही. त्यामुळे आता प्रथम भर व्यायामावर दिला जातो.

दुखऱ्या कुशीवर झोपता न येणे, हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येणे, ही सुरुवातीची लक्षणे. हात एकाएकी उचलेनासाच झाला तर कंडरा फाटल्याची शंका घेऊन तपासणी करावी. मधुमेहींत अधिक आढळणारा 'फ्रोझन शोल्डर' निराळा. त्यात दुसऱ्याने उचलूनही हात पुरता वर जात नाही.

फ्रान्समध्ये २०११ पासून दिवसाला किमान दोन तास हात ६० अंशांहून वर ठेवाव्या लागणाऱ्या कामातील कंडरेची इजा व्यवसायजन्य आजार मानली जाते. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्यातील रोगांच्या यादीत तिचे नाव नव्हते. बागांतील मजूर, ज्यांत नेपाळहून आलेले अनेक आहेत, हंगामापुरतेच असतात. हात उठला नाही की त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून दुखणे सांगितलेच जात नाही.

काढणी, वाहतूक आणि प्रतवारी ही कामे आलटून पालटून दिल्यास खांद्याला विसावा मिळतो. जुन्या उंच कलमांची पुनरुज्जीवनासाठी छाटणी करण्याची शिफारस उत्पादनासाठी केली जाते. तिने झाड ठेंगणे होते आणि काठीही आखूड लागते.