चेहरा, चिठ्ठी आणि पाच चांदण्या

२००३च्या पावसाळ्यात सांगलीच्या बसस्टँडजवळ एका सायबर कॅफेत बसून मी पहिल्यांदा स्वतःचं प्रोफाइल भरलं. तासाला वीस रुपये पडायचे. नाव, गाव, शिक्षण, भाषा हे पटापट उरकलं. मग एक मोठा रिकामा चौकोन समोर आला: स्वतःबद्दल लिहा. तिथे माझा पाऊण तास गेला. शेवटी लिहिलं की मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे, कोणत्याही विषयाचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर वेळेत करून देते. पुढचे सात महिने एकही काम आलं नाही.

माझं इंग्रजी कमी पडलं, अशीच माझी तेव्हा समजूत होती. वीस-बावीस वर्षं या धंद्यात काढल्यावर आता कळतं, की परक्या माणसानं आपल्या हातात काम का द्यावं, एवढंच त्या चौकोनाला हवं होतं आणि मी तिथे माझा स्वभाव सांगत बसले होते. हा प्रश्न इंटरनेटनं आणलेला नाही. स्वतःच्या जिवावर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो पूर्वीपासून सोडवावा लागला आहे, आणि त्याची उत्तरं कशी बदलत गेली ते पाहायला मला मनापासून आवडतं.

फ्रीलान्सरचं मूळ असलेला ‘फ्री लान्स’ हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या, १८१९च्या अखेरीस आलेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत भेटतो. कुणा एका सरदाराला न बांधलेला, मोल देईल त्याच्यासाठी भाला उचलणारा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे या माणसाला नाव आधीपासून होतं: शिलेदार. शिवकाळातल्या घोडदळात बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं इंटरनेट आणि लोडशेडिंगसाठी स्वतःचा इन्व्हर्टर बाळगणारी मी त्याच जातकुळीतली.

घोडा स्वाराचा म्हटला की लबाडीला वाव राहतो. हजेरीला जातिवंत घोडा दाखवायचा आणि मोहिमेवर तट्टू न्यायचं. अकबराच्या काळात मुघल लष्करात यावर तोड निघाली ती ‘दाग’ आणि ‘चेहरा’. दाग म्हणजे घोड्याला डागून उमटवलेली खूण, आणि चेहरा म्हणजे स्वाराचं लेखी वर्णन. हजेरीला ते कागद उघडून माणूस तोच आहे ना, घोडा तोच आहे ना, हे ताडून पाहायचं. प्रोफाइल हा शब्दसुद्धा चेहऱ्याचाच, एका बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्याची रेघ. मात्र तो जुना चेहरा कारकून लिहायचा, स्वार नव्हे. आपली ओळख आपणच लिहून परक्यापुढे मांडायची ही रीत फार अलीकडची, म्हणून तर ती इतकी अवघड जाते.

माझ्या वडिलांना ती कधी लागलीच नाही. ते तासगावच्या कचेरीसमोर बाँड रायटर होते. कडुलिंबाखाली टेबल, पत्र्याची पेटी आणि पेटीला टेकवलेली पाटी. पाटीवर नाव, परवाना नंबर आणि खाली एक ओळ: खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, भाडेपट्टा लिहून मिळेल. कष्टाळू, प्रामाणिक वगैरे त्यात काही नव्हतं. समोर रांगेनं आणखी पाचसहा जण बसायचे, सगळ्यांच्या पाट्या जवळपास सारख्याच. तरी माणसं वडिलांना शोधत यायची आणि आल्या आल्या विचारायची, “आमच्या भावकीतलं ते पाटलाचं वाटणीपत्र तुम्हीच केलं न्हवं का?” पाटी फक्त टेबल सापडण्यापुरती. काम मिळायचं ते त्या वाटणीपत्रावर पुढे भांडण झालं नाही म्हणून. मोजणीत बांध इकडचा तिकडे होऊ नये, यासाठी वडील चतुःसीमा दोनदा वाचून दाखवायचे, एकदा देणाऱ्याला आणि एकदा घेणाऱ्याला. ही त्यांची सवय आजूबाजूच्या गावांत माहीत होती. पाटीवर ती कुठेच लिहिलेली नव्हती.

अशी ओळख चार गावांपुरती चालते. माणूस ओळखीच्या टापूबाहेर गेला की तिला कागदाचा आधार लागतो. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या राज्यात साहेबाची बदली झाली, की खानसामा, आया, मुन्शी यांना तो जाताना चिठ्ठी देई: याने माझ्याकडे इतकी वर्षं काम केलं, चांगलं केलं. अशा चिठ्ठ्यांची चळत रुमालात बांधून माणूस नव्या बंगल्याच्या व्हरांड्यात उभा राही. इंग्रजांनी हा शब्दच उचलून नेला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६च्या कोशात ‘चिट’ची नोंद आहे. पत्र या अर्थाबरोबर नोकराला दिलेला दाखला हाही अर्थ तिथे दिला आहे, आणि मूळ म्हणून हिंदीसोबत मराठी शब्दही.

या चिठ्ठीत एक गोम होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. चिठ्ठी इंग्रजीत असे आणि पुष्कळदा ती बाळगणाऱ्याला वाचता येत नसे. आत आपली तारीफ आहे की नव्या साहेबाला सावध केलं आहे, हे ठाऊक नसताना तो ती आदबीनं पुढे करी. तरी त्या चळतीची एक बाजू त्याच्या फायद्याची होती. ती त्याच्या रुमालात असे. कुठे दाखवायची, कुठे नाही, हे त्याच्या हातात राही.

ऑनलाइन धंद्याची सुरुवात झाली तेव्हा नेमकी हीच चिठ्ठी नव्यानं घडवावी लागली. १९९८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त थॉमस मलोन आणि रॉबर्ट लॉबाकर यांनी ‘ई-लान्स’ अर्थव्यवस्थेवर लेख लिहिला. मोठ्या कंपन्यांऐवजी तारेनं जोडलेले सुटे कारागीर एकेका कामापुरते एकत्र येतील, असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमारास मुंबईच्या आयआयटीत शिकलेले बीरुद शेठ आणि त्यांचे साथीदार श्रीनी अनुमोलू यांनी जर्सी सिटीतल्या दोन बेडरूमच्या घरात ‘ईलान्स’ सुरू केलं. २००३मध्ये ‘ओडेस्क’ आलं, दोन ग्रीक मित्रांचं. एक अमेरिकेत, दुसरा ग्रीसमध्ये, आणि दोघांना एकत्र काम करायचं होतं. दूरच्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, यावर त्यांनी काढलेला तोडगा दाग-चेहऱ्याच्या वळणावरचा होता: काम चालू असताना दर दहा मिनिटांच्या टप्प्यात कारागिराच्या स्क्रीनचं एक छायाचित्र आपोआप मालकाकडे. रोजची हजेरी, घोड्यासकट.

आम्हा भाषांतरकारांचा बाजार मात्र वेगळा होता. १९९९पासून चालू असलेलं ‘प्रोझ’ हे आमचं गाव. तिथे एक फार चांगली रीत होती, तिला ‘कुडोझ’ म्हणत. कुणी अडलेला शब्द विचारायचा, बाकीच्यांनी प्रतिशब्द सुचवायचा, ज्याचा पटला त्याला जास्तीत जास्त ४ गुण. यादीत तुमचं नाव किती वर दिसेल ते या गुणांवरही ठरे. म्हणजे फुशारकीला तिथे जागाच नव्हती, शब्द आला पाहिजे. सात महिने काम न मिळालेली मी रोज संध्याकाळी तासभर त्या कॅफेत जाऊन उत्तरं देऊ लागले. इंग्रजी-मराठी जोडीत विचारणारे थोडे आणि उत्तर देणारे त्याहून थोडे. माझं नाव हळूहळू वर सरकलं, आणि सरकताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. विचारले जाणारे निम्मे शब्द दवाखान्यातले होते.

त्याला कारण होतं. जानेवारी २००५मध्ये औषधविषयक नियमांतल्या ‘शेड्यूल वाय’मध्ये दुरुस्ती झाली, आणि परदेशात ज्या टप्प्यावर औषधाची चाचणी चालू असेल त्याच टप्प्यावर ती भारतातही करायला वाट मोकळी झाली. चाचण्या वाढल्या. चाचणीत भाग घेणाऱ्याला त्याच्या भाषेत संमतिपत्रक द्यावं लागतं. ते मराठीत करायचं, मग दुसऱ्याच कुणी मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत करायचं, आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायची. अशा एका कामातला ‘रँडमाइज’ हा शब्द माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. आधीच्या भाषांतरात ‘यादृच्छिकीकरण’ होतं. शब्द शास्त्रशुद्ध, पण चाचणीत येणारी बाई मिरजेच्या दवाखान्यात रांगेत बसलेली, कडेवर मूल. मी लिहिलं: तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे नाणं उडवून छापा-काटा करावा तसं ठरेल, ते तुम्ही किंवा डॉक्टर निवडू शकणार नाही. आणि ‘प्लासिबो’ला लिहिलं: औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कागद उलटा इंग्रजीत जाऊन आला आणि अर्थ जसाच्या तसा उतरला.

त्या रात्री मी प्रोफाइलचा चौकोन पुसून नव्यानं लिहिला. यादीत शोधणाऱ्याला पहिल्या दोनच ओळी दिसतात, बाकी सगळं ‘आणखी वाचा’खाली जातं. म्हणून पहिल्याच ओळीत घातलं: औषध-चाचण्यांची संमतिपत्रकं, कमी शिकलेल्या वाचकाला कळतील अशा मराठीत. दुसऱ्या ओळीत: उलट भाषांतरात टिकतील अशी, युनिकोडमध्ये. युनिकोड मुद्दाम लिहिलं. तोवर आम्ही बहुतेक जण श्रीलिपीत टाइप करायचो, आणि फॉन्ट नसलेल्या गिऱ्हाइकाच्या पडद्यावर सगळं मराठी अगम्य चिन्हांचं होऊन जायचं. त्यापायी बरीच कामं हातची गेली होती. कष्टाळू, प्रामाणिक, कोणताही विषय, हे तिन्ही गेले. कोणताही विषय काढताना छातीत धस्स झालं होतं, कारण दरवाजे बंद करतोय असं वाटत होतं. पंधरा दिवसांत पहिली विचारणा आली, ती पुण्याची नाही, बेल्जियमची. त्या दोन ओळी म्हणजे वडिलांच्या चतुःसीमा दोनदा वाचण्याची सवयच होती, फक्त मला ती पाटीवर लिहावी लागली, कारण बेल्जियममध्ये सांगणारं कुणी नव्हतं.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. ईलान्स आणि ओडेस्कचं एकत्रीकरण डिसेंबर २०१३मध्ये जाहीर झालं, २०१५मध्ये त्याचं ‘अपवर्क’ झालं. तिथे कामाअंती गिऱ्हाईक पाचपैकी जितक्या चांदण्या देतं, त्या सगळ्यांना दिसतात. पण आणखी एक मत ते खासगीत देतं, आणि ते कारागिराला कधीच दिसत नाही. दोन्हींतून एक टक्केवारी निघते, नव्वदच्या खाली गेली की वरच्या दर्जाचा बिल्ला जातो. मीही तिथून कामं घेते. एकदा एका गिऱ्हाइकानं मला पाच चांदण्या आणि गोड आभार लिहिले, आणि पुढच्या हिशेबात माझी टक्केवारी घसरली. काय चुकलं ते मला विचारताही येईना. तेव्हा मला व्हरांड्यात उभा असलेला तो खानसामा आठवला, हातात न वाचता येणारी चिठ्ठी घेऊन. त्याच्याकडे निदान ती चिठ्ठी होती. माझ्या बारा वर्षांच्या चांदण्या त्या साइटवरच राहतात, उद्या दुसरीकडे गेले तर रुमालात बांधून नेता येत नाहीत. हा अन्याय आहे असं मला वाटतं. म्हणून मी प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाकडून दोन ओळींचं पत्र वेगळं मागून घेते आणि स्वतःपाशी जपते.

२०१३मध्ये गुगलच्या भाषांतरात मराठी आली. साध्या मजकुराचं काम आटलं, यंत्रानं केलेलं सुधारून द्या, अशी मागणी सुरू झाली. २०१९पासून अपवर्कवर कामासाठी अर्ज करायलाही पैसे मोजावे लागतात, तेव्हा अर्ज करत फिरण्यापेक्षा गिऱ्हाइकालाच आपण सापडणं स्वस्त झालं. आणि आता लिहून देणारी यंत्रं आल्यापासून प्रत्येकाचं प्रोफाइल गुळगुळीत, एकाच इस्त्रीखालून निघालेलं. सगळेच कष्टाळू, सगळेच तज्ज्ञ. २००३च्या माझ्या चौकोनाची नुसती चांगल्या इंग्रजीतली प्रत.

गेल्या महिन्यात भाची आली होती. मालिकांना आणि माहितीपटांना सबटायटल करते. तिनं प्रोफाइल दाखवलं. पहिल्या ओळीत ‘तपशिलांकडे लक्ष देणारी’ असं होतं.

“कुठला तपशील?” मी विचारलं.

“सगळाच की गं मावशी.”

“एक सांग. शेवटचं काम कोणतं केलंस?”

तिनं सांगितलं, ऊसतोडणी कामगारांवरचा माहितीपट होता. बीडकडच्या बोलीत बायका बोलत होत्या. ‘कोयता’ म्हणजे तिथे हत्यार नव्हे, तोडणीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, हे दिग्दर्शकाच्या आधीच्या सबटायटलमध्ये हुकलं होतं. एक बाई म्हणते, आमचा कोयता यंदा कर्नाटकात गेला, आणि पडद्यावर खाली नुसतं हत्याराचं नाव. हिनं ते पकडलं, बदललं, आणि एका सेकंदाला वाचता येतील तेवढ्याच अक्षरांत बसवलं.

“हे कुठंय यात?” मी पडद्यावर बोट ठेवलं.

ती गप्प झाली. मग लॅपटॉप मांडीवर ओढून तिनं पहिली ओळ पुसली आणि कोयता हा शब्द टाइप केला.