मध्यमवयीन स्त्रिया : वजननियंत्रण व व्यायामाचे मानसशास्त्र

सुमारे चाळीस ते साठ वयाच्या स्त्रियांचे वजन आटोक्यात राहणे आणि त्यांचा व्यायाम टिकणे ज्या समजुती, भावना, प्रेरणा व सवयी यांवर अवलंबून असते, त्यांचा अभ्यास. या वयात स्नायू घटतात. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होऊन चरबी पोटाभोवती साठू लागते. खाणे पूर्वीइतकेच असूनही कंबर वाढते. हा शरीरातील बदल असतो. पण अनेकींना तो आपल्याच मनाचा कमकुवतपणा वाटतो.

आत्मक्षमता : ‘हे मला जमेल’ हा विश्वास. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ही संकल्पना मांडली. हा विश्वास सर्वाधिक वाढतो तो स्वतःच्या यशाच्या अनुभवातून. म्हणून रोज दहा मिनिटे चालण्याचा पाळला गेलेला नेम हा महिन्याभरात मोडलेल्या तासाभराच्या संकल्पापेक्षा मोलाचा ठरतो.

प्रेरणा : एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतानुसार, स्वतः निवडलेली आणि आवडीने केलेली कृती टिकते. नातेवाइकांच्या टोमण्यांमुळे किंवा लाजेपोटी सुरू केलेला व्यायाम सहसा लवकर सुटतो.

निग्रह व अतिरेक : पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांच्या १९७५ मधील प्रयोगात, खाण्यावर कडक बंधन घालणाऱ्या विद्यार्थिनींनी मिल्कशेक प्यायल्यानंतर आइस्क्रीम कमी नव्हे, तर अधिक खाल्ले. ‘आज पथ्य मोडलेच आहे, आता उद्यापासून’ हा विचार याच प्रकारचा. एका चुकीला पूर्ण अपयश न मानणे हा त्यावरचा उपाय होय.

कौटुंबिक भूमिका : मुलांच्या परीक्षा, वडीलधाऱ्यांची आजारपणे आणि नोकरी यांतून स्वतःसाठी वेळ काढताना अपराधी वाटते. घरच्यांनी कामे वाटून घेतल्यास तो वेळ हक्काचा होतो. उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून शेवटी जेवणाऱ्या बाईनेच ते संपवणे, हीदेखील भुकेशी संबंध नसलेली सवय आहे.

व्यवहार : जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचविला. ‘सकाळचा डबा भरला की चालायला निघायचे’ अशी ठरलेल्या कामाला जोडलेली योजना आणि मैत्रिणींची सोबत यांमुळे नेम टिकतो. वजन हलले नाही, तरी व्यायामाने ताकद, झोप व मनःस्थिती सुधारू शकते. म्हणून प्रगती केवळ वजनकाट्यावर मोजू नये.