चकमक, रंजक आणि एकच बार

मागच्या वेळी आपण बंदुकीने युद्ध कसं बदललं ते पाहिलं. आज शिकार पाहू, आणि तीही एकाच ठिकाणची : अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली, पांढऱ्या शेपटीच्या हरणाची.

अठराव्या शतकात जर्मन मुलखातून आलेले कारागीर तिथल्या लँकेस्टर भागात लांब नळीच्या रायफली घडवू लागले. या ठासणीच्या बंदुका. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तेलकट चिंधीत धरलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, मग बाहेरच्या पेल्यात रंजक घालायची. चाप ओढला की चकमक पोलादावर आपटते, ठिणगी रंजकेत पडते आणि बारीक छिद्रातून आग आत पोचते. हे सगळं क्षणात होतं खरं, पण त्या क्षणात हात हलला तर नेम चुकला! पावसात रंजक भिजते. दुसरा बार भरेपर्यंत हरीण काही थांबत नाही. म्हणून शिकाऱ्याला जवळ जावंच लागे, साधारण शंभर यार्डांच्या आत.

एकोणिसाव्या शतकात धातूचं काडतूस आलं, मग १८८०च्या दशकात बिनधुराची दारू. विंचेस्टरच्या १८९४च्या रायफलीतून एकामागून एक गोळ्या झाडता येऊ लागल्या, त्याही लांबून. तोवर हरणं फार कमी झाली होती. पण सगळा दोष नव्या बंदुकीला देणं घाईचं होईल. जंगलतोड होती, मांस-कातडं विकणारे शिकारी होते, आणि कायदा ढिला होता. राज्याने १८९५ साली गेम कमिशन नेमलं, १९०७ साली माद्यांना संरक्षण दिलं. हरणं वाढली, पुढे तर इतकी, की शेती आणि जंगल वाचवायला शिकार हवीशी झाली.

आता गंमत बघा. १९७४ साली याच राज्याने चकमकीच्या बंदुकीसाठी वेगळा हंगाम सुरू केला. बंदूक जितकी कमजोर, तितके लोक जंगलात सोडले तरी हरणं कमी मरतात, हा साधा हिशेब. पण १९८५मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांनी ‘इनलाइन’ बंदूक बाजारात आणली. ठासणी तीच, मात्र आग थेट दारूच्या मागून. पुढे दुर्बिणीही चढल्या. नाव जुनं, मारा नवा. पेनसिल्व्हेनियाने ऑक्टोबरच्या हंगामात तिला जागा दिली. नाताळनंतरच्या हंगामात मात्र आजही फक्त चकमक.

यावर आक्षेपही आहे, आणि तो हलका नाही : अचूक बंदूक जनावराला पटकन मारते, जुनी बंदूक जखमी करून सोडू शकते. तेव्हा जुनं ते दयाळू असं आपण समजू नये. चकमक एवढंच करते, की बार एकच आहे हे शिकाऱ्याला विसरू देत नाही. खात्री नसेल तर चाप न ओढणं, हे मात्र कुठलीच बंदूक शिकवत नाही; ते माणसानेच शिकायचं.