पेटीतला चांदीचा टाक : कोणी घडवला, कशासाठी?

यवतमाळ जिल्ह्यात वस्त्यांमधून फिरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. आजीच्या लोखंडी पेटीतून फडक्यात गुंडाळलेली, बोटभर उंचीची चांदीची मूर्ती निघते. दारव्हा तालुक्यात एका तरुणाने ती 'प्राचीन बुद्धमूर्ती' म्हणून दाखवली. पाहिले तर घोडा, पायाशी कुत्रा, मागे बसलेली म्हाळसा. म्हणजे खंडोबा.

अशी वस्तू बहुधा मूर्ती नसते, टाक असतो. सोनार पातळ पत्रा धातूच्या ठशावर ठेवून ठोकतो आणि आकृती उठवतो. त्यामुळे टाक समोरून फुगीर, मागून पोकळ लागतो. काहींना मागे तांब्याचा पत्रा जोडलेला असतो. ओतीव मूर्ती भरीव आणि हाताला जड लागते. एकाच ठशावरून कितीतरी टाक निघतात, म्हणून दोन गावांतले टाक हुबेहूब सारखे दिसले तर नवल नाही.

घडवणाऱ्याचे नाव शोधायला जाल तर बहुधा निराशा होईल. भुजचे उमरशी मावजी आपल्या कामावर 'ओ. एम.' ही अक्षरे उमटवत, पण ते संस्थानिक आणि साहेबांसाठीचे काम. गावच्या सोनाराने टाकावर नाव घातले नाही. उलट भारतीय मानक ब्युरोची खूण दिसली तर वस्तू जुनी नाहीच. चांदीचे हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झाले. चालत्या सिंहाची खूण इंग्लंडच्या ९२.५ टक्के चांदीची.

हेतू ओळखणे जास्त महत्त्वाचे. चांदीचे डोळे, पाय, पाळणा हे नवसाचे. महिषासुराला मारणारी ती भवानी. पण ढाल-तलवार घेतलेला एकटा पुरुष बहुधा 'वीर', म्हणजे घरातला मेलेला माणूस. इथेच आपला इतिहास दडलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या माणसांनी देव्हारे रिकामे केले, टाक नदीत सोडले, विहिरीत टाकले, मोडीत घातले. मग हा एक का राहिला? सराफ फक्त वजन सांगेल. कारण आजीच सांगू शकते, आणि आजी किती दिवसांच्या?

वस्तू कुठे, कशासोबत मिळाली याला किती मोल असते ते सोपाऱ्यात दिसते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. एकात एक ठेवलेले करंडक, त्यात एक चांदीचा; भोवती आठ कांस्यमूर्ती; शिवाय यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. ती मांडणी नोंदवली गेली म्हणून सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय हा संच आज समजतो. मूर्ती नाण्याच्या कित्येक शतके नंतरच्या आहेत, म्हणजे स्तूप मध्ये पुन्हा उघडला गेला असावा.

म्हणून टाक चिंचेने किंवा पावडरने घासू नका. खाचांतली हळद आणि झिजलेले नाक हाच पूजेचा पुरावा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन-उंची लिहा. शेतात पुरलेले काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मर्यादा दहा रुपयांची, म्हणजे जवळपास सगळेच आले. शंभर वर्षांवरील वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

दारव्ह्याच्या त्या घरात खंडोबाखाली आणखी एक टाक होता, तलवारवाला. आजी म्हणाल्या, "तो देव नाही, आमचा चुलतसासरा. लग्नाआधीच गेला. त्याला कसा नदीत टाकू?" नातू त्याचे पैंजण करणार होता. आता त्याने मागे चिठ्ठी लावली आहे, चुलतपणजोबांच्या नावाची.