‘स्पॅट’ म्हणजे नेमकं काय? बाचाबाची कुठे संपते आणि राडा कुठे सुरू होतो?

‘ट्विटर स्पॅट’, ‘डिप्लोमॅटिक स्पॅट’ असे मथळे इंग्रजी बातम्यांमध्ये सतत दिसतात. स्पॅट म्हणजे थोडाच वेळ चालणारं, बहुतेकदा क्षुल्लक कारणावरून झालेलं भांडण. मराठीत सगळ्यात जवळचा शब्द बाचाबाची. घरातलं भांडण असेल तर खटका. नवरा-बायको किंवा मित्रांमधल्या रुसव्याफुगव्यासाठी इंग्रजीत ‘टिफ’ हा त्याहून सौम्य शब्दही आहे.

‘थुंकणे’ या अर्थाच्या ‘स्पिट’चं भूतकाळी रूपही ‘स्पॅट’च होतं. त्यामुळे ‘दे हॅड अ स्पॅट’ म्हणजे त्यांची बाचाबाची झाली आणि ‘दे स्पॅट’ म्हणजे ते थुंकले! कमेंट लिहिताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

शब्द कुठे वापरायचा, हे ठाण्याच्या उदाहरणातून कळतं. टेंभी नाक्यावरचा नवरात्रोत्सव आनंद दिघे यांनी सुरू केलेला. जून 2022 मध्ये शिवसेनेत फूट पडली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये रश्मी ठाकरे इथे देवीच्या दर्शनाला आल्या, तेव्हा साध्या दर्शनाचीही राजकीय बातमी झाली. अशा प्रसंगावरून दोन बाजूंचे नेते एकमेकांना टोमणे मारतात, तेव्हा ‘स्पॅट’ शोभतो. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ठाण्यातल्या किसननगरमध्ये दोन्ही गटांचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले. त्याला ‘स्पॅट’ म्हणणं म्हणजे हाणामारीवर पांघरूण घालणं. तिथे इंग्रजीत ‘क्लॅश’ किंवा ‘ब्रॉल’ हवा, मराठीत सरळ राडा. (आपल्याकडे उलटंही होतं. दोघांनी आवाज चढवला तरी थंबनेलवर ‘तुफान राडा’!)

कायद्यासाठीही हा फरक महत्त्वाचा आहे. दोन किंवा अधिक जणांनी सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता भंग केली, तर तो ‘अफ्रे’ ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 194 नुसार त्याला 1 महिन्यापर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 1 जुलै 2024 पूर्वी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत हाच दंड फक्त 100 रुपये होता. नुसत्या तोंडी भांडणाला हे कलम लागत नाही. शिवीगाळ किंवा धमकी दिली असेल, तर त्यासाठी वेगळी कलमं आहेत.