बुरुड राजाचा कोट : एका ढिगाऱ्याची दोन वये

१/ नालासोपाऱ्यातील विटांच्या एका टेकाडास लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणले. निघाला कोट नव्हे, बौद्ध स्तूप.

२/ गर्भात दगडी पेटी. तीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक. सर्वांत आत, सोन्याच्या करंडकात, मातीच्या भांड्याचे १३ तुकडे! इंद्रजींच्या मते, ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे होते.

३/ सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. तो सातवाहन राजा दुसऱ्या शतकातला. रोमन साम्राज्याशी सागरी व्यापार भरात असतानाचा. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचनंतर सोपाऱ्याचेही नाव येते.

४/ परंतु तांब्याच्या करंडकाभोवतीच्या आठ कांस्यमूर्ती, सात मानुषी बुद्ध व मैत्रेय, आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. म्हणजे शतकांनंतर कोणी तरी स्तूप उघडला, मूर्ती मांडल्या आणि पुन्हा मिटला.

५/ केवळ नाणे हाती आले असते, तर या दुसऱ्या प्रतिष्ठापनेचा मागमूसही लागला नसता. वस्तू एकत्र सापडल्या, म्हणून त्या बोलल्या. वसई-विरारमध्ये आज रोज नवे पाये खणले जातात. जुनी वीट लागलीच, तर ती उचलण्याआधी तिची जागा टिपावी.